कच्च्या वाटेवर ट्रक नेण्यापूर्वी: सुटे भाग आणि सामानाची बांधाबांध

डांबरी रस्ता सोडून वाळू, खडक, चिखल किंवा नदीपात्रातून ट्रक न्यायला जे पहिल्यांदाच निघतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: बरोबर काय काय घ्यावे? कोणाकडून तरी मिळालेली लांबलचक यादी पुढे ठेवून ते सामान भरायला घेतात, आणि गाडी इतकी जड करून ठेवतात की तिचे पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग), टायर आणि बेअरिंग त्या वजनानेच जेरीस येतात. याउलट ज्या भागावाचून गाडी जागची हलत नाही, तो पंधरा ग्रॅमचा रिले (विजेचा प्रवाह चालू-बंद करणारा छोटा स्विच) किंवा एखादी होज क्लिप (रबरी नळी आवळणारी कडी) घरीच राहून गेलेली असते. हा खोळंबा टळावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. तो प्रामुख्याने चारही चाकांना ताकद जाणाऱ्या पिकअपसाठी आणि मध्यम आकाराच्या ट्रकसाठी आहे. मोठ्या एअर ब्रेकच्या ट्रकला जे वेगळे लागते, ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक कसोटी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. कोणताही सुटा भाग पेटीत टाकण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा भाग निकामी झाला तर गाडी थांबेल का? तो बसवायला लागणारे हत्यार, तेल, पॅकिंग आणि सील माझ्याजवळ आहे का? आणि गाडीबरोबर असणाऱ्यांपैकी कोणाला तरी तो उघड्यावर, जमिनीवर पडून बसवता येईल का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तरच तो भाग घ्यावा. क्लच प्लेट जवळ आहे, पण गिअरबॉक्स उतरवण्याची सोय नाही, अशा वेळी ती प्लेट म्हणजे निव्वळ ओझे असते. अपवाद एकच: भाग तुमच्याच मॉडेलचा आणि मिळायला अवघड असेल, आणि वाटेत कुशल मेकॅनिक भेटण्याची खात्री असेल, तर तो घेण्यात अर्थ आहे.

१. आधी वाट समजून घ्या

सगळ्या कच्च्या वाटा गाडीला सारखा त्रास देत नाहीत. वाळूत इंजिनवर सतत भार असतो, त्यामुळे तापमान चढते, क्लच झिजतो, एअर फिल्टर लवकर कोंडतो आणि इंधन नेहमीच्या दीडपटीपर्यंत, कधी त्याहूनही अधिक लागते. खडकाळ वाटेवर टायरच्या बाजूच्या भिंती फाटतात, टाय रॉड (स्टिअरिंगचे वळण चाकांपर्यंत नेणारे दांडे) वाकतात, ब्रेकचे रबरी होज दगडाला घासतात. चिखल आणि पाण्यात व्हील बेअरिंगमध्ये पाणी शिरते, ब्रेक पॅड आश्चर्य वाटावे इतक्या लवकर झिजतात आणि डिफरन्शियलचे (ॲक्सलमधल्या गिअरपेटीचे) तेल दुधाळ होते.

नवख्यांना सर्वांत कमी ठाऊक असलेला शत्रू म्हणजे लाटालाटांचा, पन्हळी पत्र्यासारखा कच्चा रस्ता. त्यात गाडी अडकत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. मात्र त्या अखंड थरथरीने नट सैल होतात, शॉक ॲब्सॉर्बर तापून निकामी होतात, बॅटरीची चौकट तुटते आणि वायरिंग जिथे पत्र्याला टेकते तिथे उघडे पडते. तुमच्या मार्गात यांपैकी काय किती अंतर आहे ते आधी कागदावर लिहा. सुट्या भागांची यादी त्या कागदावरून निघाली पाहिजे.

२. निघण्यापूर्वी नवे बसवा, जुने चालते भाग बरोबर घ्या

फॅन बेल्ट, रेडिएटरचे वरचे आणि खालचे होज, थर्मोस्टॅट, इंधन फिल्टर हे भाग प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी नवे बसवून घ्या आणि काढलेले जुने भाग अजून चालण्याजोगे असतील तर तेच जादा म्हणून ठेवा. (फिल्टर याला अपवाद आहे, तो जादाही नवाच हवा.) यात दुहेरी फायदा आहे. जुना भाग या गाडीला बसतो हे सिद्धच झालेले असते आणि नवीन भागात कारखान्यातला दोष असेल तर तो घराजवळच उघडा पडतो. शिवाय हे काम शक्यतो स्वतः करा, किंवा निदान मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून पाहा. कोणता बोल्ट कोणत्या पान्याने सुटतो आणि हात कुठून घालावा लागतो, हे एकदा पाहिलेले असले की वाटेत अर्धे काम सोपे होते.

दुकानातून आणलेला भाग खोक्यातच ठेवून निघणे ही फार सामान्य चूक आहे. त्याच मॉडेलच्या गाडीत वर्षागणिक बेल्टची लांबी, सेन्सरचा प्लग किंवा बेअरिंगचा आकार बदललेला असतो. चेसिस क्रमांक देऊन भाग मागवा आणि हातात आल्यावर गाडीवरच्या भागाशी जुळवून पाहा.

३. सुट्या भागांची निवड

इंजिन थंड ठेवणारे भाग सर्वांत आधी येतात. बेल्ट, दोन्ही होज, वेगवेगळ्या मापांच्या डझनभर होज क्लिप आणि रेडिएटरचे झाकण ही अगदी किमान सामग्री झाली. झाकण विसरू नका. त्यातली स्प्रिंग सैल झाली की दाब टिकत नाही आणि पाणी कमी तापमानालाच उकळू लागते. गाडीचा वॉटर पंप सहज हाताशी येणारा असेल तर पंप आणि त्याचे पॅकिंग घ्या. आपोआप स्वतःला चिकटणारी सिलिकॉन पट्टी होजवर ताणून गुंडाळली तर गळती बराच वेळ थांबते, म्हणून तिची दोन वेटोळी जवळ असू द्या.

इंधनाच्या बाजूला निदान दोन इंधन फिल्टर हवेत, आणि पिंपातून किंवा अनोळखी ठिकाणाहून डिझेल भरण्याची शक्यता असेल तर चार. फिल्टर बदलल्यावर डिझेल इंजिनात हवा अडकते; ती हातपंपाने कशी काढायची हे घरीच एकदा करून पाहा, कारण हे न जमल्यामुळे पूर्णपणे निरोगी इंजिन तासन्‌तास बंद पडून राहते. मीटरभर इंधन नळी आणि तिला बसणाऱ्या क्लिपही घ्या. टाकीला दगड लागून बारीक चीर गेली तर अंगाचा साबण त्यात घासून भरल्याने गळती तात्पुरती थांबते, आणि नंतर एपॉक्सी पुटीने ती पक्की करता येते.

विजेच्या भागांचे वजन नगण्य आणि उपयोग मोठा असतो, म्हणून इथे हात आखडू नका. गाडीत वापरलेल्या प्रत्येक क्षमतेचे पाच-पाच फ्यूज, दोन-तीन रिले, पुढचे आणि मागचे दिवे, दहा मीटर वायर, जोडणीच्या टोप्या आणि इन्सुलेशन टेप घ्या. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही लावू नका; वायरिंग पेट घेते. मोठ्या ट्रकची वीज व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते, पिकअपची १२ व्होल्टची. ताफ्यात दोन्ही प्रकार असतील तर दिवे आणि रिले वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि एकाची बॅटरी दुसऱ्याला जोडून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नका.

नव्या इंजिनांत क्रँक किंवा कॅमची स्थिती सांगणारा सेन्सर गेला की इंजिन सुरूच होत नाही. हा सेन्सर बोटाएवढा असतो आणि अनेक गाड्यांत एका बोल्टने निघतो. तो आणि दोषाचे सांकेतिक क्रमांक वाचणारे छोटे यंत्र, या दोन वस्तूंना माझ्या यादीत फार वरचे स्थान आहे.

चाके, स्टिअरिंग आणि पाटे यांसाठी पुढच्या एका चाकाचे बेअरिंग सीलसह, एक टाय रॉड एंड, प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद ॲक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचा) एक क्रॉस, म्हणजे त्याचा लवचिक सांधा, चाकाचे सहा स्टड आणि नट, पाट्यांचा मधला बोल्ट आणि दोन यू-बोल्ट घ्या. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकते आणि गाडी तिरकी पळू लागते. त्याचे वजन मूठभर, पण त्याच्यावाचून पुढे जाणे धोक्याचे. बेअरिंग मूळच्या कागदात तसेच ठेवा. उघडून धूळ लागलेले नवे बेअरिंग जुन्यापेक्षा लवकर जाते. ब्रेकसाठी पॅडचा एक संच आणि पुढचा एक रबरी होज पुरेसा आहे.

एअर ब्रेकच्या ट्रकसाठी हवेची नळी, तिचे जोड आणि ब्रेक चेंबरचा (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्याचा) एक पडदा घ्या. हवा निघून गेली की मागचे ब्रेक स्प्रिंगच्या जोराने आपोआप लागतात आणि ट्रक जागीच जखडतो. ती स्प्रिंग मागे खेचून धरणारा लांब बोल्ट ट्रकबरोबर आहे का, ते तपासा. चेंबरचा स्प्रिंगचा भाग मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जागीच दगावू शकतो.

४. टायर

कच्च्या वाटेवर गाडी थांबण्याचे सर्वांत नेहमीचे कारण टायर हेच आहे. दूरच्या मार्गावर दोन स्टेपन्या असाव्यात, किंवा एक पूर्ण स्टेपनी आणि रिमशिवाय एक जादा टायर. दुसऱ्या पर्यायात वजन वाचते, मात्र टायर रिमवरून काढता-चढवता आला पाहिजे. टायरच्या भिंतीवर चार अंकी क्रमांक असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. वर्षानुवर्षे गाडीखाली लटकलेल्या स्टेपनीचे रबर नक्षी शाबूत असूनही कडक झालेले असते, म्हणून तिचा हा क्रमांक नक्की वाचा.

पंक्चर काढण्याच्या दोऱ्या, टोचा, गोंद, व्हॉल्व्हचे पिन आणि टोप्या, दाबमापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर हे सारे एकाच पिशवीत ठेवा. दोरीचे पंक्चर फक्त टायरच्या तळाला चालते. बाजूच्या भिंतीला पडलेली चीर अशा रीतीने बुजवून वेग घेऊ नये.

वाळूत दाब उतरवल्याने टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो आणि गाडी तरंगल्यासारखी चालते. पिकअपसाठी १६ ते २० पीएसआयपासून सुरुवात करता येते. जड ट्रकसाठी टायर उत्पादकाचा तक्ता पाहावा. दाब उतरवल्यावर वेग कमी ठेवणे आणि कडक रस्त्याला लागण्यापूर्वी पुन्हा हवा भरणे अपरिहार्य आहे, आणि म्हणूनच कॉम्प्रेसर ही चैनीची वस्तू ठरत नाही.

५. तेले आणि इतर द्रव

इंजिन ऑइल पाच लिटर, डिफरन्शियल एकदा पूर्ण भरेल इतके गिअर ऑइल, कूलंट आणि शुद्ध पाणी, पॉवर स्टिअरिंगचे तेल, ग्रीस आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ (डॉट ३, ४, ५ या ब्रेक ऑइलच्या प्रती आहेत) तेल कोरडे असताना किमान २३० अंशांना उकळते, तर ओल शोषलेले १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. त्यामुळे एका मोठ्या डब्यापेक्षा दोन लहान सीलबंद बाटल्या घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचे तेल डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नका. कूलंटही रंग पाहून घेऊ नका. त्याचे रासायनिक वर्ग वेगवेगळे असतात आणि रंगावरून ते कळतीलच असे नाही.

एक्झॉस्टमध्ये युरियाचे द्रावण फवारणारे इंजिन असेल तर ते द्रावण पुरेसे घ्या, कारण ते संपल्यावर अनेक गाड्या ताकद कमी करतात किंवा पुन्हा सुरू होत नाहीत. ते उणे ११ अंशांना गोठते, आणि त्याला साध्या लोखंडाचे किंवा तांब्याचे भांडे चालत नाही. त्याचा डबा आणि डिझेलचा डबा यांवर ठळक नावे लिहा.

जादा इंधनाचा हिशेब करताना नेहमीच्या सरासरीवर विसंबू नका. मार्गाचे अंतर, त्यात चुकलेल्या वाटा आणि माघारी फिरण्याचे अंतर मिळवा, वाळू किंवा चिखलाच्या टप्प्यासाठी दीडपट धरा, आणि त्यावर एक पंचमांश राखीव ठेवा. वीस लिटर डिझेलचे वजन सुमारे १७ किलो भरते, डब्याचे निराळे. डबे काठोकाठ भरू नका. उन्हात इंधन फुगते.

६. हत्यारे

नव्या चकचकीत संचापेक्षा तुमच्या गाडीला लागतील तेवढीच हत्यारे घ्या. खात्री करण्याचा उपाय असा: निघण्यापूर्वी एकदा सर्व्हिसिंग करताना फक्त प्रवासाच्या पेटीतली हत्यारे वापरा आणि जे बाहेरून मागावे लागले, ते लगेच पेटीत टाका.

त्यात सॉकेट आणि स्पॅनर, चाकाचे नट उघडण्यासाठी लांब दांडा, टॉर्क रेंच, पक्कड आणि व्हाइस-ग्रिप, हातोडी, छिन्नी, कानस, हॅक्सॉ, मल्टिमीटर, डोक्याला बांधायची विजेरी, बाइंडिंग वायर, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, नट-बोल्ट-वॉशरची मिसळ आणि गंज सोडवणारा फवारा असावा. मल्टिमीटरने पाहिल्यास १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असूनही आकडा १२ च्या घरात राहिला, तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे किंवा त्याच्या बेल्टकडे शोधावा.

बॉटल जॅक गाडीच्या वजनाला पुरेल असा घ्या आणि त्याच्याखाली ठेवायला जाड लाकडी फळी हवीच. मऊ जमिनीत जॅक गाडीला उचलत नाही, स्वतःच खाली जातो. गाडीच्या खाली शिरण्यापूर्वी स्टँड किंवा उतरवलेले चाक आडवे सरकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, अगदी क्षणभरासाठीही नाही.

७. रुतलेली गाडी काढण्याचे सामान

फावडे आणि चाकाखाली सरकवायच्या दोन पाट्या. निम्म्याहून अधिक वेळा एवढ्यानेच काम होते, आणि ही दोन्ही साधने कोणाला इजा करत नाहीत. प्रयत्न आधी इथूनच सुरू करावा.

दुसऱ्या गाडीने ओढायचे असेल तर पट्ट्यांमधला फरक समजून घ्या. झटक्याने ओढण्याचा नायलॉनचा पट्टा किंवा दोर २० ते ३० टक्के ताणतो आणि तो ताण सोडताना गाडी बाहेर खेचतो. न ताणणारा पट्टा फक्त सावकाश ओढण्यासाठी असतो. त्याला झटका दिला तर काहीतरी तुटते. ताणणारा पट्टा विंचला (गाडीवर बसवलेल्या, दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला) जोडू नये. शॅकलवर (पट्टा हुकाला जोडणाऱ्या पोलादी कडीवर) तिची सुरक्षित भारमर्यादा कोरलेली असते, पिकअपसाठी ४.७५ टनांची शॅकल सर्रास वापरतात, जड ट्रकला त्याहून मोठी लागते. मर्यादा न कोरलेली शॅकल घेऊच नका.

पट्टा केवळ चेसिसवरच्या, ओढण्यासाठीच बसवलेल्या हुकाला अडकवा. ट्रेलर जोडण्याचा गोळा त्यासाठी नसतो. झटक्याने तो तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो आणि त्याने माणसे मेलेली आहेत. ओढताना पट्ट्यावर जड गोणपाट किंवा ओली चादर टाका आणि चालक सोडून सर्वांना पट्ट्याच्या दीडपट लांबीहून दूर उभे करा.

८. माणसांसाठी

पाणी माणशी रोज किमान पाच लिटर, उष्ण प्रदेशात अधिक, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा निदान दोन दिवस जास्त पुरेल इतके. ते एकाच टाकीत ठेवू नका. एक भेग सगळे पाणी घालवते. रेडिएटरसाठीचे पाणी यात धरू नका. रक्तस्राव थांबवणारी पट्टी असलेली प्रथमोपचार पेटी, स्वतःची नेहमीची औषधे आणि चालकाच्या हाताशी येईल असा अग्निशामक ठेवा. मोबाइलची रेंज नसणाऱ्या भागासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे साधन उत्तम. काही देशांत उपग्रह फोन बाळगायला आधी परवानगी लागते, ती चौकशी निघण्यापूर्वी करा. घरच्या किंवा परिचयाच्या एका जबाबदार व्यक्तीकडे मार्ग, परतण्याची वेळ आणि त्यानंतर किती तासांनी कोणाला कळवायचे, हे लिहून द्या.

९. कागदपत्रे

• गाडीची नोंदणी, विमा, चालक परवाना आणि लागू असल्यास संरक्षित क्षेत्राची परवानगी
• चेसिस आणि इंजिन क्रमांक, टायरचे माप, सुट्या भागांचे क्रमांक
• दुरुस्तीची पुस्तिका, वायरिंगच्या नकाशासह, नेटवर्कशिवाय उघडेल अशी
• कागदी नकाशा
• सामानाची यादी, कोणती वस्तू कोणत्या पेटीत आहे यासह
• सीमा ओलांडायची असल्यास आंतरराष्ट्रीय चालक परवाना, आणि काही देशांसाठी गाडीचे कार्ने द पासाज (गाडी तात्पुरती देशात नेण्यासाठीचे कस्टमचे कागदपत्र)

सुटे भाग पाहून कस्टम अधिकारी ते विक्रीसाठी आहेत का, असे विचारू शकतात. त्या वेळी भागांची नीट टाइप केलेली यादी फार उपयोगी पडते.

१०. वजन आणि बांधणी

सामान जमले की ते भरण्यापूर्वी जमिनीवर मांडा आणि उत्पादकाने दिलेल्या एकूण वजनमर्यादेशी ताडून पाहा. माणसे, भरलेली टाकी, बंपर, विंच आणि छतावरची जाळीसुद्धा या मर्यादेत मोजली जाते. शक्य असेल तर भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरचा भार वेगवेगळा घ्या, कारण एकूण वजन बसत असूनही मागची ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेली असू शकते.

जड वस्तू खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा. ॲक्सलच्या मागे लटकणारे वजन तरफेसारखे काम करते. दोन केबिनच्या पिकअपमध्ये मागे जादा चाके, पाण्याची टाकी आणि हत्यारांची पेटी रचल्यामुळे खड्ड्यात आपटून चेसिस वाकण्याचे प्रकार घडतात, आणि ही दुरुस्ती वाटेत होत नाही. छतावर फक्त हलके आणि आकाराने मोठे सामान ठेवावे. अनेक पिकअपच्या छताची मर्यादा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते, जाळीच्या वजनासकट, आणि ती गुळगुळीत रस्त्यासाठी असते.

बांधण्यासाठी रॅचेट पट्टे वापरा आणि ते गाडीच्या चौकटीतल्या कड्यांना अडकवा. रबरी हुकांच्या दोऱ्या ताडपत्रीला चालतील. जड पेटीला चालणार नाहीत. पेटीतल्या धातूच्या वस्तू एकमेकींवर घासून पीठ होतात, तेलाचे डबे पत्र्याला घासून भोके पडतात. प्रत्येकाच्या मध्ये कापड किंवा रबर घाला. सेन्सर, रिले, फिल्टर आणि बेअरिंग धूळ शिरणार नाही अशा पिशव्यांत बंद करून त्यावर नाव लिहा. केबिनमध्ये मोकळी जड वस्तू ठेवू नका. गाडी उलटल्यास ती डोक्यावर येते.

जे सर्वांत आधी लागते ते सर्वांत शेवटी आत जावे. फावडे, ओढण्याचा पट्टा, जॅक, फळी आणि टायरची पिशवी एकही पेटी न उतरवता हाती आली पाहिजे, आणि गाडी एका कुशीवर कललेली असतानाही.

११. भरलेल्या गाडीची चाचणी

निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण भरलेली गाडी जवळच्या कच्च्या वाटेवर दिवसभर चालवा. तिथे एकदा स्टेपनी बदला, टायरची हवा उतरवून पुन्हा भरा, आणि इंधन फिल्टर काढून बसवा, तेही अंधार पडल्यावर विजेरीच्या उजेडात. चाक बसवल्यानंतर ५० ते १०० किलोमीटरवर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे असतात. ती सवयही इथेच लावून घ्या.

परतल्यावर सगळे सामान उतरवा. काय सरकले, काय घासले, कुठे तेल झिरपले ते पाहा आणि बांधणी बदला. शॉक ॲब्सॉर्बर, पाटे, बॅटरीची चौकट आणि छताच्या जाळीचे बोल्ट हाताने चाचपून घट्ट करा. ज्या बोल्टवर आवळल्यानंतर रंगाची रेघ मारून ठेवाल, तो सैल झाला तर प्रवासात रोज सकाळी नुसत्या नजरेने कळेल. म्हणून रंगाची एक छोटी कुपीही हत्यारांच्या पेटीत असू द्या.